‘सावधान’ कोणास ऐकूं येतें?

गेल्या लग्नसराईंत आम्हांस लहानमोठ्या अकरा लग्नांस हजर राहण्याचा योग आला. पन्नाशी उलटली म्हणजे मनुष्य सुतकास आणि लग्नास सारख्याच नेमानें जाऊं लागतो. त्यांतून प्राध्यापकाच्या पेशांत जुन्या विद्यार्थ्यांचीं निमंत्रणें आणखी भर घालतात. या अकरा लग्नांत आम्हीं नाना प्रकारचीं पक्वान्नें खाल्लीं, नाना प्रकारच्या मांडवशोभा पाहिल्या, आणि अकराहि जोडप्यांस मनापासून आशीर्वाद दिले. एक गोष्ट मात्र आम्हांस नऊ ठिकाणीं ऐकूं आली नाहीं, व ती म्हणजे खुद्द लग्न! भटजींचे ओठ हालतांना दिसले, अंतरपाट दूर झालेला दिसला, डोक्यावर अक्षता पडल्या, त्यावरून लग्न लागलें असावें असें आम्हीं ठरविलें. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असला पाहिजे, असें तार्किक म्हणतात. हल्लींच्या पाहुण्यांस याच अनुमानप्रमाणावर लग्नें लावून घ्यावीं लागतात. शब्दप्रमाण तेवढें निकालांत निघालें आहे.

समर्थ रामदासांविषयींची एक आख्यायिका महाराष्ट्रांत लहान मुलांसहि ठाऊक आहे. बाराव्या वर्षीं ते बोहल्यावर उभे राहिले, ‘सावधान’ हा शब्द कानीं पडला, आणि त्या एका शब्दासरशीं त्यांनीं मांडवांतून पळ काढला. आख्यायिकेच्या खरेखोटेपणाचा वाद संशोधकांकडे सोंपवूं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हा प्रसंग आजच्या एखाद्या मंगल कार्यालयांत घडता, तर त्या मुलास तो शब्द ऐकूंच आला नसता. मुकाट्यानें माळ घालून तो संसारास लागला असता आणि महाराष्ट्र दासबोधास मुकला असता! हा विनोद झाला. पण त्यांतलें मर्म विनोदाचें नाहीं. ‘सावधान’ हा शब्द वृत्त भरण्यासाठीं घातलेला नाहीं. दोन जीव जन्माच्या गांठीनें बांधले जात आहेत, तेव्हां त्यांनीं आणि त्यांच्या माणसांनीं या घटकेला चित्त ठिकाणावर ठेवावें, असा त्याचा सरळ अर्थ आहे. ज्या समारंभांत हा शब्दच बुडतो, त्यांत चित्त कोणाचें ठिकाणावर राहणार?

आमचा आक्षेप संगीतावर आहे असा ग्रह कोणीं करून घेऊं नये. संगीतावांचून लग्न म्हणजे मिठावांचून स्वयंपाक. आमचा आक्षेप आहे तो संगीताची निवडच न करण्यावर. मध्यम स्थितींतलें सुशिक्षित कुटुंब एका लग्नासाठीं काय काय निवडतें तें पाहावें. शालूचा रंग ठरण्यास दोन महिने लागतात, व त्यासाठीं येवल्यापासून कांचीपर्यंतचे विणकर धुंडाळले जातात. पानांत मसालेभात असावा कीं पुलाव, यावर दोन्ही घरांमध्यें तहाच्या वाटाघाटी होतात. निमंत्रणपत्रिकेचा कागद बोटांनीं चाचपून पाहिला जातो. आणि संगीत? व्यवस्थापकानें पुढें केलेल्या छापील तक्त्यांत ‘ध्वनिव्यवस्था’ या शब्दासमोर एक खूण करितात, कीं झालें! मांडव सजविणारा, दिवे लावणारा आणि गाणीं वाजविणारा हे तिघेहि एकाच कंत्राटदाराच्या पदरीं असतात. तो कंत्राटदार सगळीकडे जें वाजवितो तेंच येथेंहि वाजवितो. त्यास दोष कां द्यावा? त्यास कोणीं कांहीं सांगितलेलेंच नसतें.

आमच्या मतें लग्नांतल्या संगीताची निवड म्हणजे गाण्यांची यादी करणें नव्हे. कोणत्या क्षणीं काय ऐकूं यावें, आणि त्याच्याहि आधीं, कोणत्या क्षणीं कांहींच वाजूं नये, हें ठरविणें म्हणजे निवड. आमच्या पूर्वजांस ही गोष्ट आमच्यापेक्षां चांगली समजत होती. मुहूर्ताची वेळ पाहण्यासाठीं पाण्यांत घटिकापात्र टाकीत. तळाशीं बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी चोवीस मिनिटांनीं भरून बुडे, आणि तिच्यावर नजर ठेवून भटजी मंगलाष्टकें लांबवीत किंवा आवरतीं घेत. तोंपर्यंत वाजंत्री सनई ओठांशीं धरून स्वस्थ उभा असे. शेवटचें ‘सावधान’ उच्चारलें गेलें, अंतरपाट निघाला, आणि ‘वाजवा रे वाजवा’ अशी आरोळी झाली म्हणजे मग सनई, चौघडा, ताशे एकदम दुमदुमून उठत. शेतांत राबणाऱ्या कुणब्यासहि कळे कीं, पाटलाच्या मुलीचें लग्न लागलें. त्या आवाजास अर्थ होता, कारण त्याच्या आधीं शांतता होती. आज सकाळीं आठापासून रात्रीं दहापर्यंत जें अखंड वाजत असतें, तें कोणास काय सांगणार? सूर्य मावळलाच नाहीं तर उजाडलें हें कोणास कळावें?

येथें एक वर्ग लगबगीनें आमच्या मदतीस धांवून येईल, आणि त्याच्या मदतीचीच आम्हांस अधिक धास्ती वाटते. हे लोक म्हणतील, ‘‘अगदीं बरोबर! हीं सगळीं परकीय थेरें बंद करा. वेदमंत्र आणि सनई एवढेंच आपलें. बाकी सारें म्लेंच्छ.’’ या मंडळींस आमची विनंती कीं, त्यांनीं आधीं सनईचें कुळ विचारावें. पश्चिम आशियांतील सुरना नांवाच्या वाद्याशीं तिचें नातें आहे, व नगाऱ्यासह झडणारी नौबत मुसलमानी दरबारांतून आमच्या किल्ल्यांच्या व देवळांच्या नगारखान्यांत येऊन बसली. गेल्या शतकांत ज्याच्या सनईच्या तबकड्या हिंदुस्थानभर हिंदूंच्या लग्नांत वाजल्या, तो बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) पांच वेळ नमाज पढणारा होता. आमच्या आजोबांच्या वरातीपुढें जो ब्रासबँड चालला तो इंग्रजांच्या पलटणींतून आला, आणि मंगलाष्टकांच्या साथीला बसणारी पेटीहि युरोपांतूनच आली. तेव्हां आपलें आणि परकें ही कसोटी येथें कुचकामाची आहे. पाहुणा कोठून आला हें आम्ही विचारीत नाहीं. घरांत येऊन तो कसा वागतो एवढेंच विचारतों. सनई आली आणि अंतरपाटाच्या मर्यादेनें वागली. बँड आला तो वरातीपुरता रस्त्यावर राहिला. आतां जो पाहुणा आला आहे तो बोहल्यावरच चढून बसला आहे, एवढीच आमची तक्रार.

परंपरेच्या अभिमान्यांस आणखी एक प्रश्न विचारणें आम्हांस भाग आहे, आणि तो विचारतांना आम्ही स्वतःस वगळूं इच्छीत नाहीं. ज्या सनईसाठीं तुम्ही गळा काढतां, ती वाजविणाऱ्यास तुम्हीं कोठें बसविलें? गुरव, न्हावी, मातंग, होलार अशा समाजांनीं ही विद्या पिढ्यान् पिढ्या सांभाळली. त्यांच्या वाद्यावांचून तुमचें मंगल पुरें होत नसे. पण वाजविणारा मांडवाच्या बाहेर, आणि त्याचें पान सगळ्या पंगती उठल्यानंतर! आमच्या थोरल्या मुलीच्या लग्नांत आम्हीं हौसेनें सनईवाला बोलावला होता. तो, सूर धरणारा त्याचा भाऊ, आणि चौघड्यावर त्याचा मुलगा असे तिघे एस. टी.नें आले. कार्यालयाच्या माणसानें त्यांस मोटारी उभ्या करण्याच्या जागेशेजारीं नेऊन बसविलें. त्या गृहस्थानें आम्हांस गांठून अदबीनें विचारलें, ‘‘साहेब, मुहूर्त किती वाजतां? गोरजाचा असला तर पूरिया धरतों. दुपारचा असला तर सारंग वाजवूं.’’ आम्ही पाहुण्यांच्या गर्दींत होतों. आम्ही उत्तर दिलें, ‘‘कांहींहि वाजवा हो, नुसतें चालूं राहूं द्या!’’

वाचकहो, हें उत्तर देणारे आम्ही दर वर्षीं पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवांत भारतीय बैठकीवर मांडी मोडून बसणारे. त्या महोत्सवाचा आरंभ बहुधा सनईनेंच होतो, आणि त्या वेळीं शेजारचा कोणी कुजबुजला तर आम्ही त्यास डोळे वटारून गप्प करितों. १९४७ सालीं देश स्वतंत्र झाला त्या प्रसंगीं दिल्लीच्या लाल किल्ल्यांत बिस्मिल्ला खाँची सनई वाजली, आणि २००१ सालीं त्यास भारतरत्न ही पदवी मिळाली, हें आम्ही वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगतों. परंतु तीच विद्या आमच्या दारीं आली तेव्हां आम्हीं तिला मोटारींच्या धुरांत बसविलें. आमच्या मुलीच्या मुहूर्ताला कोणता राग शोभेल याचा विचार त्या दिवशीं तेथें एकट्या त्या वाजंत्र्यानेंच केला होता; आणि आम्हीं त्यास तो विचार करूं नको म्हणून सांगितलें. दुसऱ्या दिवसापासून आम्हीं ‘आतां पूर्वीसारखी सनई राहिली नाहीं’ म्हणून हळहळावें, याचा आम्हांस अधिकार काय?

सनईचें दुःख निदान चारचौघांत बोललें तरी जातें. दुसरें एक संगीत लग्नांतून उठून गेलें, त्याची कोणीं दादहि घेतली नाहीं. तें म्हणजे घरांतल्या बायकांचें गाणें. जात्यास हळकुंड बांधून हळद दळतांना ओव्या, घाणा भरतांना ओव्या, विहिणीची पंगत बसली म्हणजे विहिणीची थट्टा करणारीं गाणीं, पाठवणीच्या वेळीं लेकीस निरोप, असा लग्नाचा प्रत्येक टप्पा बायकांच्या कंठांतून पुढें सरके. पहिली ओवी देवाला, मग कुलस्वामिनीला, मग मांडवांतल्या एकेकाचें नांव गुंफीत ती माळ वाढे. हें गाणें कोणीं विकत आणलेलें नव्हतें, आणि त्यांत जीं नांवें येत तीं त्याच घरचीं असत. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या टिपून ठेविल्या. एवढा मोठा काव्यसंग्रह निरक्षर बायकांनीं आपल्या स्मरणांत वागविला, आणि आम्ही पदवीधरांनीं तो एका पिढींत घालविला.

तो कसा घालविला हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. चार वर्षांपूर्वीं आमच्या भाचीची हळद होती. आमच्या मातोश्रींचें वय त्या वेळीं श्याऐंशीं. घरांतल्या तीसएक लग्नांत त्यांनीं ओव्या म्हटलेल्या. त्या दिवशीं दोघी जुन्या मैत्रिणींस जवळ बसवून त्यांनीं आरंभ केला. आवाज कांपत होता, पण सूर हालत नव्हता. देवाची झाली, कुलस्वामिनीची झाली, आणि तिसऱ्या ओवींत नातीचें नांव आलें, नातीच्या दिवंगत आजोबांचें नांव आलें. इतक्यांत पलीकडे यंत्रापाशीं बसलेल्या पोरास वाटलें कीं, कार्यक्रम अद्याप सुरू व्हावयाचा आहे, आणि त्यानें कळ दाबली. मांडवाच्या कनाती थरथरल्या. मुलेंमुली आनंदानें नाचावयास उठलीं. मातोश्री ओवीच्या मध्यावर थांबल्या, जराशा हंसल्या, आणि त्यांनीं कोणाजवळ तरी पाणी मागितलें. त्या पोराचा यांत कांहीं अपराध नव्हता. चार पावलें जाऊन आम्हीं त्यास थांबविलें असतें तर तो खात्रीनें थांबला असता. पण आम्ही उठलों नाहीं. तरुणांचा विरस नको, आगाऊ रक्कम दिलेली आहे, आई मागाहून म्हणेल, अशीं शहाणपणाचीं कारणें आम्हांस त्या वेळीं सुचलीं. मागाहून कोणीं त्यांस म्हणावयास सांगितलें नाहीं. पुढच्या वर्षीं त्या गेल्या. त्यांच्या ओव्यांपैकीं आज आम्हांस दीड ओवी आठवते.

बायकांचें गाणें गेलें त्या जागीं काय आलें? चित्रपटांतलीं गाणीं आलीं. चित्रपटगीतांवर नाक मुरडणारांपैकीं आम्ही नव्हे. त्यांतलीं कित्येक चाल आणि शब्द या दोन्ही दृष्टींनीं उत्तम असतात. पण गाणें निवडतांना त्याचा अर्थ पाहावा, एवढी अपेक्षा सुशिक्षितांकडून करणें अयोग्य होईल काय? एका वरातींत, प्रेयसी दुसऱ्याची झालेली पाहून प्रियकरानें काढलेले दुःखोद्गार वाजत होते, आणि प्रत्यक्ष नवरदेव घोड्यावरून त्यांस मान डोलवीत होता! ठेका बरा असला म्हणजे झालें; शब्द हे ठेक्याचें टरफल! हा दोष आमचाच आहे असें मात्र नाहीं. इंग्रजी पद्धतीच्या विवाहांत वधू प्रवेश करिते तेव्हां जी सुरावट बहुधा वाजते, ती वाग्नरच्या ‘लोहेंग्रीन’ (१८५०) या संगीतनाटकांतली आहे. त्या नाटकांत ती सुरावट संपते न संपते तोंच वधू पतीस विचारूं नये तो प्रश्न विचारते, आणि लग्नाच्या रात्रींच त्या संसाराचा शेवट होतो. अनुकरणच करावयाचें तर साहेबाच्या बेसावधगिरीचें करण्यांत काय मिळविलें? उत्तरेकडचा ‘संगीत’ नांवाचा समारंभ, १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’सारख्या चित्रपटांनीं घरोघर पोंचविला, तो आम्हीं उचलला, याबद्दलहि आमचें भांडण नाहीं. मात्र ज्या घरांत विहिणीचीं गाणीं होतीं, त्या घरानें त्यांतलें एक तरी त्या समारंभांत म्हटलें असतें, तर त्या नांवाचें सार्थक झालें असतें. नाच बसवून घेण्यास शिक्षक बोलावतात. आजीस एक गाणें विचारावयास कोणी जात नाहीं.

आतां आवाजाविषयीं. महाराष्ट्रांत प्रचंड ध्वनियंत्रांस ‘डॉल्बी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. भाषेच्या लहरीचा याहून मासलेवाईक नमुना आम्हांस ठाऊक नाहीं. रे डॉल्बी या अमेरिकन गृहस्थानें १९६५ सालीं आपला उद्योग काढला तो ध्वनिमुद्रणांतली खरखर कमी करण्याच्या युक्तीवर. ज्यानें गोंगाट घटविण्यांत आयुष्य वेंचलें, त्याच्या नांवाचा अर्थ आम्हीं गोंगाट असा केला! देशाच्या नियमांकडे पाहावें तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांत वस्तीच्या भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्रीं १० ते सकाळीं ६ या वेळांत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास, सरकारनें ठरविलेले मोजके दिवस वगळतां, मनाई आहे. डेसिबलचें गणित चमत्कारिक असतें. दहानें आंकडा वाढला म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट होते. म्हणजे ५५च्या जागीं ९५ झाले तर ती दहा हजारपट झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांतून ४० तास ऐकल्यानें कानास धोका नाहीं, परंतु १०० डेसिबलचा आवाज आठवड्यांतून २० मिनिटांपेक्षां अधिक ऐकूं नये. आमच्या वराती वीस मिनिटांत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतहि पोंचत नाहींत. तान्हीं मुलें कडेवर घेऊन आया त्या यंत्रांसमोर उभ्या असतात, आणि रस्त्याच्या कडेच्या घरांत कोणी आजारी असेल, कोणाची परीक्षा असेल, याची दाद वरातीस नसते. प्रताधिकाराच्या कायद्यानें विवाहाची मिरवणूक व त्यासंबंधींचे समारंभ यांत गाणीं वाजविण्यास खास सूट ठेविली आहे. गाणाऱ्यानें आपलें गाणें तुम्हांस फुकट दिलें, तें शेजाऱ्याच्या डोक्यांत घालण्यासाठीं नव्हे!

आमचे तरुण मित्र येथें म्हणतील, ‘‘सर, लग्न म्हणजे व्याख्यान नव्हे. आम्हांस नाचूं द्या.’’ अवश्य नाचा! आमच्या आज्या झिम्माफुगडी घालीत व लग्नानंतरच्या गोंधळांत संबळ आणि तुणतुणें रात्रभर घुमे; तेथें कोणी शांततेचा उपदेश करीत नसे. तरुण शरीरानें लग्नाच्या आनंदांत नाचूं नये तर कोठें नाचावें? पण गोंधळ लग्न लागल्यानंतर घालीत, मंगलाष्टकें चालूं असतां घालीत नसत. तुमच्या नाचाला स्वतःची वेळ द्या, स्वतःची जागा द्या, आणि मग मनसोक्त नाचा. आम्हीहि कोपऱ्यांत उभे राहून टाळ्या वाजवूं. आणि खरें सांगावयाचें तर दोष तरुणांचा थोडा व आमचा फार आहे. त्यांनीं कधीं जुनें ऐकलेंच नाहीं, कारण तें ऐकविण्याची वेळ आली तेव्हां आम्ही ‘चालूं राहूं द्या’ म्हणालों.

सायंकाळच्या स्वागतसमारंभाची कथा निराळी, पण निष्पत्ति तीच. या समारंभाचें प्रयोजन काय? दोन कुळांचीं माणसें, वर्षानुवर्षें न भेटलेले मित्र, गांवाकडचे आप्त यांनीं एकत्र यावें, वधूवरांची ओळख करून घ्यावी, चार शब्द बोलावे. म्हणजे हा समारंभ मुळांत बोलण्याचा आहे. आणि त्यांतच बोलणें अशक्य व्हावें अशी तजवीज आम्ही पैसे मोजून करितों! परवां एका समारंभांत तीस वर्षांनीं आमचा एक वर्गमित्र भेटला. आम्हीं ‘कसा आहेस’ विचारलें. त्यानें कानावर हात ठेवून मान हालविली. त्यानें कांहींतरी विचारलें; आम्हींहि मान हालविली. मग दोघांनीं मिळून पानें वाढून घेतलीं आणि भिंतीकडे तोंड करून जेवलों. निघतांना त्यानें खिशांतून कागद काढून त्यावर लिहिलें, ‘पत्नी वारली. फोन करीन.’ लग्नाच्या मांडवांत ही बातमी त्यास ओरडून सांगावी लागली नाहीं, एवढेंच त्या गोंगाटाचें पुण्य!

तर मग करावें काय? आमच्या सूचना अगदीं साध्या आहेत. मंगलाष्टकांच्या आरंभापासून सप्तपदीचें सातवें पाऊल पडेपर्यंत यंत्राची कळ बंद असावी, ही अट कार्यालयाशीं ठरवितांनाच घालावी. मंगलाष्टकें घरच्यांनीं म्हणावीं. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत दोन्ही कुळांचीं नांवें कोंबतांना बाराव्या अक्षरावरचा यति मोडला तरी चालेल, मावशी बेसूर झाली तरी चालेल. यंत्राच्या बिनचूक सुरापेक्षां मावशीचा चुकलेला सूर आम्हांस शतपट मंगल वाटतो, कारण तो त्या वधूसाठींच चुकलेला असतो. शेवटच्या ‘सावधान’नंतर जें वाजावयाचें तें जिवंत माणसानें वाजवावें. सनई असो, सोलापूर-अक्कलकोटाकडची सुंद्री असो, मुलाच्या मित्राची बांसरी असो, वा मुलीच्या कॉलेजांतल्या मैत्रिणींचें व्हायोलिन असो. त्याबद्दल आमचा आग्रह नाहीं. आमचा आग्रह एवढाच कीं, त्या कलावंतास मांडवांत बसवावें, कोणता राग वाजवितां हें विचारावें, आणि त्याचें पान पहिल्या पंगतींत मांडावें. हळदीच्या दिवशीं एक तास घरांतल्या जुन्या बायकांच्या स्वाधीन करावा व त्यांचें गाणें टिपून ठेवावें. खिशाखिशांतल्या यंत्रांनीं पक्वान्नांचीं छायाचित्रें टिपण्यापेक्षां तें काम अधिक तातडीचें आहे. पक्वान्नें पुन्हां होतील. स्वागतसमारंभांत आवाजाची कसोटी अशी ठेवावी कीं, मांडवाच्या मधोमध उभें राहून ऐंशीं वर्षांच्या आजोबांनीं सहज विचारलेला प्रश्न आठ वर्षांच्या नातवास ऐकूं यावा. यांतल्या एकाहि गोष्टीस शालूच्या किंमतीचा दहावा हिस्साहि लागणार नाहीं. लागेल तो थोडा विचार, आणि कंत्राटदारास ‘नको’ म्हणण्याइतकें धैर्य.

पुढच्या मार्गशीर्षांत आमच्या धाकट्या मुलीचें लग्न ठरलें आहे. त्या जुन्या सनईवाल्याचा पत्ता आम्हीं शोधून काढला. त्याच्या बोटांत आतां पूर्वीचें बळ राहिलेलें नाहीं, तेव्हां तो सूर धरील आणि मुलगा सनई वाजवील असें त्यानें कळविलें. मुहूर्त गोरजाचा आहे, हें या वेळीं आम्हींच आधीं सांगितलें. त्यावर त्यानें विचारलें, ‘‘साहेब, मागल्यासारखें तिकडे बाहेर बसावयाचें ना?’’ या प्रश्नाचें उत्तर आम्हीं पत्रानें किंवा फोननें दिलें नाहीं. त्या साठीं त्याच्या गांवास जाणें आम्हांस भाग होतें, व गेल्या रविवारीं आम्ही जाऊन आलों.